साडूंची दारात येणारी भाजी

आमच्या साडूंइतकी पृथ्वीची काळजी वाहणारा माणूस सबंध मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. पृथ्वीवर राहणाऱ्यांची काळजी मात्र त्यांनी इतरांवर सोपवलेली आहे. ज्या खोलीतून ते बाहेर पडतात तिथला पंखा बंद करतात, मग आत आम्ही बसलेले असलो तरी. आमच्याकडे मुक्कामाला आले की घमेल्यात बसून अंघोळ करतात आणि ते पाणी, टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत, कॉलनीतल्या कडुलिंबाला घालून येतात. कडुलिंब माजला आहे. शेजारच्या बायकांनी मात्र त्या बाजूची खिडकी उघडणे सोडून दिले आहे.

साडू वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, पण जीव सगळा कन्नडच्या रस्त्याला असलेल्या वडिलोपार्जित तुकड्यात. शहर वाढत वाढत त्या बांधापर्यंत येऊन ठेपले होते. शेजारच्या शेतात प्लॉट पाडून चुना फासलेले दगड उभे राहिले, तसे थोरले बंधू म्हणाले, "गिऱ्हाईक चालून आलंय, देऊन टाकू." पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. तरी साडूंनी एक उन्हाळा मागून घेतला. मृगापर्यंत त्या जमिनीने भाजी दिली तर विकायची नाही, विहीर आटली तर विकायची. बंधू कबूल झाले, आणि आमच्या कॉलनीत दर रविवारी मोटारसायकलवरून भाजीच्या टोपल्या यायला लागल्या.

साडूंचा पहिला नियम, भाजी धुवायची नाही, पाणी वाया जाते. त्यामुळे मेथी आणि मुळे निम्मे शेत अंगावर घेऊन येत. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आमची ही एकदा कडाडलीच, "भाऊजी, तुमचं पाणी वाचलं आणि आमचं गेलं! दुष्काळ तिकडचा उचलून इकडे आणून टाकलात की!" साडूंचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी ते आमच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि दाढीच्या ब्रशने एकेक मुळा झटकू लागले. येणारा-जाणारा थांबून बघत होता. साडूंना त्याचे काही नव्हते.

पुढे विहीर खाली गेली, मेथी संपली आणि गवार सुरू झाली. गवार आली, गवार आली आणि मग गवारच आली. हिने विचारले, "भाऊजी, कधी भेंडी नाही का?"

"ताई, भेंडी मागवता येईल की, पण पाणी कुठनं मागवू?"

कॉलनीभर गवार शिजली.

पण खरा घोळ घातला तो आपल्या रीतिरिवाजाने. प्लास्टिक नको म्हणून रिकामी टोपली परत द्यायची, असे साडूंनी बजावले होते. आता आपल्याकडे भांडे रिकामे परत करतात का कधी? कोणी टोपलीत वाटीभर साखर ठेवली, कोणी कुरडया, कोणी लोणचे. मग ती वाटी साडूंच्या बायकोने रिकामी कशी पाठवायची? ती तीत शेंगदाण्याचे लाडू घालायची. लाडवाची वाटी आली की इकडून चकल्या. शेवटी साडूंना नुसत्या वाट्या पोचवायला बुधवारचीही एक फेरी सुरू करावी लागली. मी म्हणालो, "साडूभाऊ, एक ट्रक अख्ख्या बाजाराची भाजी आणतो. तुम्ही दहा घरांच्या गवारीसाठी आठवड्यातून दोनदा पेट्रोल जाळता. यात पृथ्वीचं काय भलं झालं?"

त्यांनी हेल्मेट हातात फिरवले. मग म्हणाले, "लई नाय झालं. पण ट्रकला ठाऊक नसतं, आपण कोणाला खाऊ घालतोय ते."

मे संपता संपता एका रविवारी ते टोपल्यांशिवायच आले. दारातूनच म्हणाले, "ताई, विहीर गेली." एवढेच. दोन महिने गवारीच्या नावाने बोटे मोडणारी आमची ही आत गेली आणि चहाचे आधण ठेवून पदराने डोळे पुसत बसली. मृगाला थोडेच दिवस राहिले होते. बंधूंनी एक उन्हाळा दिला होता आणि साडूंनी शब्द दिला होता; दोघेही सरळ माणसे, त्यामुळे जमीन गेली.

दिवाळीच्या सुमारास औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत साडू मला दिसले. हातात नवी कोरी पिशवी, समोर धुऊनपुसून चकचकीत मांडलेल्या भाज्या. एक फ्लॉवर उचलून, उलटसुलट करत ते भाजीवाल्याला विचारत होते.

"कहां का है ये?"

"मंडी का, चचा."

"मंडीत कुठनं आलं?"

"ट्रक से आया ना. कित्ता दूं?"

साडूंनी फ्लॉवर खाली ठेवला. तेवढ्यात मी दिसलो. ओशाळल्यासारखे हसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, भाजी निवडून कशी घेत्यात हो? मी कधी घेतलीच नाय."

मला तरी कुठे कळते? मी त्यांच्या पिशवीचे तोंड उघडून धरले, आणि आम्ही दोघे अडाण्यासारखे वांगी चाचपत उभे राहिलो.