नेट गेलं असेल

नव्या ब्रॉडबँडवाला भर दुपारी मोबाइलवर वेग दाखवत होता. मी विचारलं, "आणि संध्याकाळी?"

तो हसला. "काका, संध्याकाळी सगळी बिल्डिंग सिरियल बघते. तरी आमचं अडकणार नाही."

अडकणं आमच्या घरात जुनंच होतं. परदेशातला मुलगा संध्याकाळी फोन करी आणि दोन वाक्यांत त्याचा चेहरा पडद्यावर थिजून जाई. मग माझी बायको, फोटो काढायला बसावं तशी, श्वास रोखून बसायची. मला दटावायची, "हलू नका हो, अजून अडकेल!" फोन बंद झाला की म्हणायची, "नेट गेलं असेल. तो कशाला ठेवेल?"

माणूस दुरावल्याचं खापर फोडायला काहीतरी लागतं. आम्हाला ते फार स्वस्तात मिळालं होतं.

ती गेल्यावर मी ही नवी लाइन घेतली. आता ऐन गर्दीच्या वेळीही चित्र स्वच्छ दिसतं. काल मी त्याच्या आईचा विषय काढला, तसा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं नेट अडकतंय. ठेवतो."

त्याच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं सारखा हलत होता.

मी श्वास रोखला आणि हललो नाही.