बाईंच्या थँक्यूला उत्तर

कुणी हे वाचलंच, तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका. चौथीनंतर माझी शाळा सुटली.

दीपनगरच्या कॉलनीत मी एका बाईंकडे पोळ्या करते. त्या आधी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. चहाचा कप दिला तरी ‘थँक्यू’ म्हणतात आणि उत्तर येईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारातून हलत नाहीत. आमच्या घरी भाकरी वाढली तर ‘आणखी अर्धी दे’ म्हणतात, आभार कुणी मानत नाही. मी खाली बघून नुसतं ‘हो बाई’ म्हणायची.

“वेलकम म्हण, नाहीतर नो प्रॉब्लेम, नाहीतर मेन्शन नॉट. तीन दिलेत, एक तरी निवड,” त्या म्हणायच्या.

पण मुलीच्या फीसाठी मी त्यांच्याकडून सहा हजार घेतले होते. दर महिन्याला पाचशे परत दिले, की त्यावरही त्यांचं थँक्यू. ज्यांचे पैसे अंगावर, त्यांना वेलकम कोणत्या तोंडाने म्हणायचं?

एकदा धुळ्याहून आलेली त्यांची धाकटी जाऊ हसली, “अक्का, तिले काय इंग्रजी समजस?”

“सगळं समजतं. लाजते फक्त. तू तुझा चहा पी,” बाई म्हणाल्या.

काल शेवटचे पाचशे त्यांच्या हातात ठेवले. “थँक्यू,” म्हणून बाई थांबल्या.

“असू द्या बाई, त्यात काय एवढं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. “तिन्हींपेक्षा हे बरं,” म्हणाल्या.

जिना उतरताना मन हलकं वाटलं. सहा हजार पुरते फिटले होते.