पहिल्या व्हिडिओत पाय धड होता

“हे बटण एकदाच दाबता येतं का मॅडम?” शबानानं विचारलं. तोवर मी ते दाबून मोकळी झाले होते.

मे महिना होता, कोर्टाला सुट्टी. मी रत्नागिरीत सव्वीस वर्षं वकिली करते, तीही दिवाणी. वाटप, वहिवाट, कुणाच्या आंब्याच्या बागेतून कुणाची पायवाट जाते, हे माझं काम. ‘सायबर’ माझ्या गळ्यात पडलं ते एका जुन्या केसमुळे. ईमेलची प्रिंट पुरावा म्हणून कशी दाखल करायची ते तेव्हा मला जमलं, बाकीच्यांना जमलं नाही. तेव्हापासून कुणाचं काही ऑनलाइन बिनसलं की बाररूममधले सगळे माझ्या ऑफिसचा रस्ता दाखवतात.

शबाना तशीच आली, सोमवारी दुपारी. तिचा नवरा अश्रफ जहाजावर फिटर. जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून पडलेलं. मालकानं हात वर केलेले, डिझेल संपलेलं, प्यायचं पाणी मापानं. वर नऊ माणसं, आणि बंदरवाले कुणालाही खाली उतरू देत नव्हते. त्यात नांगराची साखळी अश्रफच्या उजव्या पायावर आली. जखम चिघळली.

मालकाच्या एजंटानं काय करावं? त्यानं लेखी कळवलं की ही जखम जुनी आहे, माणूस घरूनच घेऊन आला होता, आणि ती बरी होत आली आहे. म्हणजे डॉक्टर पाठवायची गरज नाही. मुंबईतले जहाज खात्याचे एक अधिकारी भले होते. ते म्हणाले, शुक्रवारी सकाळी माझं त्या बंदरवाल्यांशी बोलणं आहे, जखम जहाजावरच झाली आणि रोज वाढतेय एवढं दाखवा, मी डॉक्टर पाठवायला लावतो.

दाखवायला होतं की! शबानानं एका प्लॅटफॉर्मवर पेज उघडलं होतं, ‘आमची माणसं परत आणा’ अशा अर्थाचं. त्यावर जहाजावरून रोज एक व्हिडिओ चढायचा. सदतीस व्हिडिओ होते. पहिल्यात अश्रफ डेकवर दोन्ही पायांवर चालत पाण्याच्या रिकाम्या टाक्या दाखवतोय. नवव्या दिवशी साखळी. पुढे रोजचा पाय. एजंटाला खोटं पाडायला याहून काय हवं?

पण सोमवारी सकाळी ते पेज गायब झालं. शबानाचं खातंही बंद. स्क्रीनवर एक ओळ: आपले खाते आमच्या मानकांचे पालन करत नाही. खाली: ठराविक मुदतीनंतर सर्व मजकूर कायमचा पुसला जाईल. आणि खाली एक बटण, फेरतपासणीची विनंती.

दुसरीकडे कुठे कॉपी आहे का, हे मी आधी विचारलं. नव्हती. जहाजावर चालू फोन एकच, स्वयंपाक्याचा, त्याची मेमरी भरलेली. व्हिडिओ चढवला की ते लोक फोनमधून पुसून टाकत. इथे शबाना रोज बघायची, पण साठवून ठेवला नव्हता एकही. पेज आहेच की, असं तिला वाटायचं.

मी बटण दाबलं. कारण द्यायला चार ओळींची जागा होती. मी ठामपणे लिहिलं की जखमेचं दृश्य हिंसा म्हणून दाखवलेलं नाही, तो वैद्यकीय पुरावा आहे. जखम भेसूर दिसते म्हणून पेज काढलं असणार, हे मी धरूनच चालले होते. मला कुणी सांगितलं होतं असं नाही. मीच ठरवलं.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. निर्णय कायम. बटणही नाहीसं झालं.

मी शबानाला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले. आमच्या धंद्यात एका निकालावर अपील एकदाच करता येतं हे पोराटोरांना माहीत असतं, आणि मी ते अंदाजावर वाया घालवलं होतं. स्वतःचा असा राग मला फार दिवसांत आला नव्हता.

मग दुसरी वाट. आपल्याकडे या मोठ्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याला लिहायचं. पोच तो लगेच देतो, निर्णयाला त्याला काही दिवस असतात. तो पटला नाही तर वर सरकारची अपील समिती आहे, पण तिच्याकडे जायचं ते त्याचा निर्णय आल्यावर किंवा त्याची मुदत उलटल्यावर. कागदावर सगळं ठीक आहे. शुक्रवारच्या आत मात्र यातलं काहीच बसत नव्हतं. तरी लिहिलं. एकच मागणी केली: कारण सांगा.

मंगळवारी उत्तर आलं. खात्याने मानकांचे उल्लंघन केले आहे, सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येत नाही, तक्रारीवर विचार सुरू आहे.

“एजंटाच्या लोकांनी रिपोर्ट मारले असणार,” शबाना म्हणाली. मग म्हणाली, “नायतर आमची नावं बघून.” मी तिला खोडून काढलं नाही. माझ्याही मनात तेच येत होतं. कारण कळलं नाही की माणूस त्याच्या मनातलं सगळ्यात वाईट कारण तिथे भरतो.

बुधवारी सकाळी जहाजावरून फोटो आला. पायाची दोन बोटं काळी पडली होती. शबानानं फोन माझ्यासमोर उलटा ठेवला आणि बघा म्हणाली. तिला स्वतःला परत बघवत नव्हतं.

तेव्हा कुठे मला सुचलं. पेज चालवणारं दुसरं कुणी आहे का, विचारलं. होता, अश्रफचा मोठा भाऊ इम्तियाज. हॉलंडात रॉटरडॅमला गोदामात कामाला, बारा वर्षं तिकडेच. त्याचं स्वतःचं खातं होतं आणि पेजवर तोही अ‍ॅडमिन होता. त्याला व्हिडिओ कॉल लावला.

“इम्तियाजभाई, तुम्हाला कंपनीकडून काही आलंय का?”

“आलंय काहीतरी डचमधून, मोठं लांबलचक. मला वाटलं नियम बदलले की पाठवतात तसलं आहे. नाही वाचलं.”

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानं मुकाट्यानं ईमेल उघडलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लागला. मी लिहून घेत होते.

युरोपात डिजिटल सेवांचा कायदा आहे. कंपनीनं तुमचं काही काढलं तर तिला कारणांचं पत्र द्यावं लागतं, आणि पत्रात काय काय हवं हेही कायद्यातच लिहिलंय. कारण कळवा असं आपला नियमही म्हणतो. पण इथे एका ओळीवर भागवतात. इम्तियाजच्या पत्रात कोणता नियम मोडला ते होतं. कशावरून, ते होतं. निर्णय माणसानं नाही, मशीननं घेतला, हे होतं. सहा महिन्यांत फुकट अपील करता येतं आणि ते नुसत्या मशीनवर सोडता येत नाही, हे होतं. कंपनीबाहेरच्या तंटा सोडवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं, कोर्टात तर येतंच. सव्वीस वर्षांत इतकी नीट नोटीस मी क्वचितच पाहिलीय.

आणि कारण? जखमेचा त्यात उल्लेखही नव्हता. कुणी रिपोर्ट केल्याचा नव्हता. लिहिलं होतं की पेज चालवणारं मुख्य खातं एकाच तासात तीन देशांतून वापरलं जातंय, त्यामुळे ते चोरीचं किंवा बनावट असल्याचा संशय आहे.

मी शबानाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

“तुझं खातं कोण कोण वापरतं?”

“अश्रफ तिथून व्हिडिओ टाकतात. भाई इंग्लिशमधून उत्तरं लिहितात. बायकोच्या नावानं लिवलं की लोक वाचतात, म्हणून माझ्याच खात्यातून. आणि मी.”

जहाजावरच्या माणसाच्या घरी हे असंच चालतं. नवरा दहा-दहा महिने बाहेर. त्याचा ईमेल, गॅसचं बुकिंग, मुलांच्या शाळेचं अ‍ॅप, सगळं जी घरी आहे ती बघते. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, पाहुण्यालासुद्धा दिसतो. खातं घराचं, एका माणसाचं नाही. त्यांना त्यात गैर काही वाटत नाही, आणि मशीनला हे घर माहीत नाही.

इम्तियाजला लगेच मार्ग दिसला. “मॅडम, शबाना माझ्याकडेच राहते असं लिहू. पत्ता माझा देतो. मग तिला पण इकडचे हक्क मिळतील.”

मिनिटभर मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग मी नाही म्हटलं.

शबाना उठून उभी राहिली. “का नाय? तुमचा कायदा राहील मॅडम, माझा माणूस राहणार नाय.”

“खाली बस,” मी म्हटलं. “हे खातं बनावट आहे, असा त्यांचा संशय आहे. आपण आता पत्ता खोटा दिला तर तो संशय आपणच खरा करून देऊ. मग डॉक्टर नाही, पेज नाही, काहीच नाही.”

ती बसली. मी समजूत काढत बसले नाही, वेळ नव्हता.

अपील इम्तियाजच्याच नावानं केलं. तो खरोखर तिकडे राहतो, खरोखर त्या पेजचा अ‍ॅडमिन आहे, त्याचं नुकसान खरं आहे. लिहिलं ते सगळं जसंच्या तसं: एक खातं, तीन माणसं, कोण कुठून आणि का. चूक मान्य केली. शबानाचं खातं हवं तर बंद ठेवा, पण पेज आत्ता उघडा, कारण एका माणसाचा पाय त्यावर अवलंबून आहे. शुक्रवार सकाळ ही वेळ ठळक अक्षरात घातली. भाषा इम्तियाजची डच, मुद्दे माझे. बुधवारी संध्याकाळी गेलं.

गुरुवारी शबाना सकाळीच ऑफिसात येऊन बसली. दुपारी लाइट गेली. पंखा बंद, घामाच्या धारा. मी एक वाटपाचा दावा उघडून बसले होते, त्यातलं एक पान वाचून झालं असेल तर शपथ. पाच वाजले. शुक्रवार नुसत्या एका फोटोवर लढायचा, अशी मी मनाची तयारी करत होते.

सव्वापाचला इम्तियाजचा फोन आला. “पेज उघडलं.”

“कशालाही हात लावू नका,” मी ओरडले. “काही लिहू नका, कुणाला उत्तर देऊ नका. पहिल्या व्हिडिओपासून डाउनलोड करा.”

तो काम सोडून गोदामाच्या कॅन्टीनमध्ये बसला. सदतीसच्या सदतीस उतरवून पाठवले. शबाना बसल्या जागी रडली. माझेही डोळे भरले, ते मी लपवलं नाही.

शुक्रवारी मुंबईच्या साहेबांनी बंदरवाल्यांना पहिला व्हिडिओ दाखवला आणि मग नववा. एजंटाचं पत्र तिथेच निकालात निघालं. शनिवारी डॉक्टर जहाजावर गेला, त्याच दिवशी अश्रफला खाली उतरवलं. दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला. बाकीचे आठजण यायला आणखी बरेच दिवस गेले.

सोमवारी बोटं अजून काळी पडली नव्हती. माझ्या अंदाजात दोन दिवस गेले, हे मी शबानाला स्वतःहून सांगितलं. ती म्हणाली, “पत्र तर भाईंकडे पण पडलं होतं.” तेवढंच.

इथल्या तक्रारीचं उत्तर यथावकाश आलं. आपली समस्या सुटल्याचे दिसते, तक्रार बंद करण्यात येत आहे. शबानाचं खातं त्यानंतर कधीतरी उघडलं. का बंद होतं आणि का उघडलं, हे तिला आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

अश्रफला घेऊन ती एकदा भेटायला आली होती. जाताना दारात थांबली.

“मॅडम, माझा दीर तिकडं नसता तर?”

“तर शुक्रवारपर्यंत काही झालं नसतं,” मी म्हटलं. खोटं काय सांगायचं?

आता असं कुणी आलं की मी बटणाला हात लावत नाही. आधी विचारते, हे खातं कोण कोण वापरतं. मग विचारते, तुमचं कुणी युरोपात आहे का. अशिलांना वाटतं बाई उगाच नात्यागोत्याच्या चौकशा करते. तरी सांगतात बिचारे. बहुतेकांचं कुणीतरी दुबईला नाहीतर कतारला असतं. त्याचा मला काही उपयोग नसतो.