कुशाबाच्या डोळ्यातला केर

भरे गावचा कुशाबा पिरंगुटच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होता, आणि २००६ सालापर्यंत त्याला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. माणसं तो चपलांच्या आवाजावरून ओळखी. हे साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून धोंडाबाईनं नवऱ्याला गुपचूप पौडच्या नेत्रशिबिरात नेलं.

तिथल्या डॉक्टर अपूर्वाला समजावून सांगायची हौस होती. मोतीबिंदू आहे, भिंग बदलू, म्हणाली. मागचा पडदा मात्र उत्तम. त्या पडद्यातल्या पेशी रोज थोडी कात टाकतात, शेजारच्या पेशी ती खाऊन टाकतात, आणि सकाळी उजेड पडला की ही साफसफाई जोरात चालते. कुशाबाला यातून एवढंच कळलं, की डोळ्यातही केर काढतात आणि तो दिवेलागणीनंतर काढत नाहीत. आपला डोळा चांगल्या वळणाचा निघाला, असं त्याला वाटलं.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बसली, आणि तपासेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीत आलं तसा कुशाबा घाबरला. पट्टीआड अंधार, आत उजाडल्याचं सांगणार कोण? केर तुंबला, तर केलेलं ऑपरेशन वाया जायचं. त्यानं पट्टीचा एक कोपरा उचकटायला घेतला.

धोंडाबाईनं मनगट धरलं. "काय चाललंय?"

"उजेड दावतोय. आतली मंडळी निजली असत्याल."

तेवढ्यात अपूर्वा आली. सगळं ऐकून घेतलं, पण हसली नाही.

"मामा, त्यांचं घड्याळ आतच असतं. एखाद्या दिवशी उजेड नाही मिळाला तरी त्या वेळेवर कामाला लागतात. पण पट्टीखाली जंतू शिरले, तर डोळा हातचा जाईल."

"ऐकलं का?" धोंडाबाई म्हणाली. "उटवाय लागत न्हाई त्यास्नी. बायाच असत्याल."

कुशाबानं हात मांडीखाली घातले, आणि तपासणी होईपर्यंत तो त्यांच्यावर बसून राहिला.

डोळा वाचला. महिन्याभरानं तो कामावर गेला, तेव्हा फाटकासमोर उभे असणारे जे अबोल गृहस्थ होते, ज्यांना तो दोन वर्षं रामराम घालत होता, ते छाटलेल्या बाभळीचं खोड निघालं. कुशाबानं त्यांना नेहमीसारखा रामराम घातला. एकाएकी बंद केला, तर लोकांना संशय आला असता.