नावं खाणारा बोका

माईकचं बटण मी बंद केलं होतं. निदान तसा माझा समज होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात माझं काम एवढंच, की माल न्यायला गाडी आली की भोंग्यावरून "गाडी लागली" म्हणायचं. त्या दिवशी ते म्हणून झालं आणि मी माझ्या केबिनच्या खिडकीतून चादरींच्या घडीच्या टेबलाकडे वाकून हळूच म्हणालो, "आत्या, आवर गं, बोका निघालाय." मी हळूच म्हणालो, भोंगा मात्र त्याच्या सवयीप्रमाणे बोलला. अख्ख्या कारखान्याने ऐकलं. जिना उतरणाऱ्या बोक्यानेही ऐकलं. बोका म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब.

आत्या माझी सख्खी आत्या. मला तिथे चिकटवलं तिनेच. घरी ती जवळजवळ मुकी. आतोबा म्हणतात, "गोष्टी सगळ्या कारखान्याला, माझ्या वाट्याला फक्त 'भाजी काय आणू'."

साहेब नवे आले तेव्हा बायकांची नावं त्यांच्या लक्षात राहीनात. त्यांनी प्रत्येकीच्या ॲप्रनवर नंबर शिवून घेतला. "तीन नंबर, हात चालव!" आत्याने ना तक्रार केली, ना तोंड वाकडं केलं. घडी घालता घालता तिने एक गोष्ट सुरू केली. एक राज्य असतं, आणि तिथे एक बोका असतो, जो माणसांची नावं खातो.

मग तीन नंबर, जी रस्ता ओलांडतानाही दुसरीचा हात धरायची, ती झाली जहाजाची कप्तानीण. अडखळत बोलणारी पाच नंबर झाली न्यायाधीश. तिचा निकाल ऐकायला सगळं राज्य श्वास रोखून थांबायचं. रोज थोडी थोडी गोष्ट पुढे जायची. काही दिवसांनी कप्तानीण म्हणे सासूला सांगून आली, "रविवारी मला उठवू नका."

तर त्या दिवशी भोंगा ऐकून साहेबांनी टेबलापाशी येऊन विचारलं, "बोका कोण?"

सगळ्यांना एकदम चादरी फार आवडायला लागल्या. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "क... क... कोणता..." आणि इतक्या सावकाश म्हणाल्या की साहेबच कंटाळले. त्यांनी हुकूम सोडला: टेबलावर बोलणं बंद, आणि आत्याची बदली मळक्या कपड्यांच्या खोलीत. एकटी. दार लावून.

गोष्ट तिथेच थांबली, जहाज भर वादळात. हॉल गप्प झाला. "तीन नंबर" अशी हाक आली की कप्तानीण "हो साहेब" म्हणायला लागली. ते मला बघवेना. मी मळक्या खोलीत गेलो. आत्या नाकाला फडकं बांधून दवाखान्याच्या चादरी वेगळ्या करत होती. औषधाच्या पाण्याने तिची बोटं सोलवटली होती.

"पुढचं सांग, मी पोचवतो."

"तू? भोंग्यावरून का?"

"आत्या, प्लीज."

"अरे, जहाज कुणाचं? तिलाच विचार की, काय करणार ते. माझ्यासाठी कशाला अडून बसताय?"

मी निरोप पोचवला. आता, मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघी कोपरे धरून लांब उभ्या राहतात, चालत जवळ येतात, कोपऱ्याला कोपरा लावतात, परत लांब. दुपारभर कप्तानीण नुसतीच चालत राहिली. मग एकदा कोपरा जुळवताना ओठ न हलवता म्हणाली, "शिडं उतरवा." पुढच्या घडीला न्यायाधीशबाईंनी एक वाक्य जोडलं. न अडखळता.

"काय बोललात?" साहेब ओरडले.

"कोपरा जुळवला, साहेब."

इकडे आत्याच्या जागी आलेल्या बाईची घडी वाकडी यायची, आणि हॉटेलवाला चादरी परत पाठवायला लागला. साहेबांनी आत्याला बोलावलं. मी चहा घेऊन गेलो, म्हणजे ऐकायला गेलो.

"बाई, परत टेबलावर या. फक्त तो बोका काढा."

आत्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "काढला असता, साहेब. पण गोष्ट आता माझ्याकडे नाही. कप्तानिणीला विचारा."

"कुणाला?"

"तुमची तीन नंबर."

साहेब हॉलमध्ये आले, मागोमाग मी. "तीन नंबर!"

मला वाटलं, ही आता "हो साहेब" म्हणाली की संपलं. बोका गेला, गोष्टही गेली. कप्तानिणीने मान वर केली नाही. साहेब पुन्हा ओरडले. ती कोपरा जुळवत राहिली. शेवटी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्या कानात तिचं खरं नाव सांगितलं. त्यांनी ते घेतलं, कडू औषधासारखं, आणि पुढे "बाई"ही लावलं.

"बोला साहेब," ती म्हणाली.

"तो बोका..."

"जहाजावर उंदीर फार आहेत. त्याला काढता यायचं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण आज त्याने एक नाव परत दिलं. त्याला दूध देऊ."

साहेबांना राग आला की हसू, ते त्यांनाही कळलं नसावं. ते जिना चढून गेले. चहाच्या सुट्टीनंतर आत्या टेबलावर होती. नंबर अजून ॲप्रनवर आहेत. साहेब आता नावं घेतात, निम्मी चुकीची.

परवा न्यायाधीशबाई रजेवर, म्हणून चादरीचं एक टोक मी धरलं. समोर आत्या. चालत जवळ आलो, कोपऱ्याला कोपरा लागला.

"आणि तेवढ्यात बंदरावर एक तरुण उतरला," आत्या म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य माझं होतं.

शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेला मी. काही म्हणता काही सुचेना.

"उद्या देतो," मी म्हटलं.

"बघा गं, उधारी!" कप्तानीण अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली.

तो तरुण अजून बंदरावरच उभा आहे. आत्या रोज माझ्या खिडकीकडे बघून भुवया उडवते, आणि मी गाडी लागल्याचं सांगतो.