बाराही उत्तरं बरोबर

आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंबद्दल बोलायचं म्हटलं तर माझ्याकडे दोन तासांचा माल आहे. पण आज एकच गोष्ट सांगतो, आणि तीही त्यांच्या परवानगीने. म्हणजे "सांगा" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणार आहे थोडंच?" असं म्हणाल्या. मी तीच परवानगी समजलो.

नर्सबाईंचं काम घरोघर जाऊन नव्या बाळंतिणींना बघण्याचं. सव्वीस वर्षं झाली. खांद्याला निळी पिशवी आणि पायात आवाज न करणारे बूट. बाई दारात उभ्या आहेत हे कळेपर्यंत घरातलं निम्मं भांडण त्यांनी ऐकलेलं असायचं. आत शिरल्या की पहिला हुकूम पाहुण्यांना, की बाळ कुठे पळून जात नाही, तुम्ही बाहेर बसा. सासूला चहा करायला धाडायचं, नवऱ्याला लंगोट वाळत घालायला, आणि दार लोटून बाळाच्या आधी बाळाच्या आईकडे बघायचं. मग तो त्यांचा प्रसिद्ध कागद निघायचा. त्यावर बारा प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, उगाच रडू येतं का, मनात भलतंसलतं येतं का. बाळ गुटगुटीत आणि आई सुकलेली, हा कारभार बाईंना खपायचा नाही. कितीतरी जणींना त्यांनी वेळेवर डॉक्टरांकडे नेलंय, हे मी त्यांची टिंगल करतानाही कबूल करतो.

त्यांना एकच मुलगी. तिने लग्न केलं ते दोन गल्ल्या पलीकडच्या पार्लरवाल्या काकींच्या मुलाशी. लहानपणापासून त्यांच्याकडेच केस कापून घेत आलेली, म्हणून सासूला ती अजूनही काकीच म्हणते. विहिणी-विहिणींचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. नर्सबाईंच्या मते काकी म्हणजे बडबडीचं दुकान, तेही सुट्टी नसलेलं. काकींच्या मते नर्सबाई म्हणजे थर्मामीटर, कुणाजवळही गेल्या की आकडा सांगणार. लग्नाच्या दिवशी काकींनी न विचारता विहीणबाईंचा अंबाडा सोडून पुन्हा बांधला होता. तो आधीपेक्षा चांगला दिसला, हा खरा राग.

तर या मुलीला मुलगी झाली. नर्सबाई रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी तिच्याकडे जायच्या. दार लोटायच्या, कागद काढायच्या. मुलगी हसून उत्तरं द्यायची. झोप लागते, जेवण जातं, रडू नाही, भलतंसलतं काही नाही. नर्सबाई तिथून निघाल्या की वाण्याच्या दुकानापर्यंत चारचौघांना गाठून सांगायच्या, की बाळंतपणानंतर कसं राहावं ते आमच्या मुलीकडून शिका. बारापैकी बारा.

पुढचं मला काकींकडून कळलं. काकींच्या सांगण्यातलं निम्मं कापून सांगतो, तरी पुष्कळ उरेल.

तिसऱ्या आठवड्यात काकींनी सुनेला दुपारी पार्लरात आणलं. शटर अर्धं खाली, गिऱ्हाईक नाही, बाळ बापाच्या मांडीवर घरी. केसांचा नुसता गुंता झालेला. काकींनी तिचं डोकं बेसिनवर मागे टेकवलं आणि कोमट पाणी सोडलं. जन्मात पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, कारण तोंडात क्लिपा धरल्या होत्या. पाच मिनिटं नुसतं पाणी आणि बोटं. आणि मुलीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही नळाचं नव्हतं.

"काकी, ती झोपली तरी मला झोप येत नाही. श्वास घेतेय ना, हेच बघत बसते. आणि उचलून घेतलं की वाटतं, ही दुसऱ्या कुणाची आहे, मला थोडे दिवस सांभाळायला दिलीय. जिची आहे ती कधी येणार?"

काकींनी हात थांबवला नाही. केस धुतले, पुसले, डोक्याला टॉवेल गुंडाळला, मग क्लिपा काढून ठेवल्या आणि विहीणबाईंना फोन लावला.

नर्सबाई आल्या त्या तणतणतच. काकींनी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या की शक्यच नाही, आज सकाळीच सगळं विचारलंय. पिशवीतून कागदही काढला. तेव्हा मुलगी टॉवेलातूनच बोलली.

"आई, तो कागद मला आठ वर्षांची असल्यापासून पाठ आहे. तू रोज जेवताना मोठ्याने वाचायचीस. कुठल्या उत्तराला तुझ्या कपाळावर आठी पडते, तेही पाठ आहे. नर्सबाईंची मुलगी आणि तीच नापास, असं मला व्हायचं नव्हतं."

नर्सबाई मागच्या खुर्चीत मटकन बसल्या. ती खुर्ची निघाली केस वाळवायची. डोक्यावर मोठं टोपरं, खटका दाबला गेला आणि गरम वारा सुरू झाला. त्यांना पत्ता नाही. सव्वीस वर्षांचा अंबाडा सुटून चहूकडे उडतोय आणि बाई मुलीकडे बघताहेत.

"कधीपासून गं?" एवढंच म्हणाल्या.

"दवाखान्यातून आले तेव्हापासून."

काकींच्या हातात आयता डाव होता. वर्षभर पुरेल इतकं त्यांना ऐकवता आलं असतं. त्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, "विहीणबाई, यातलं पुढचं मला येत नाही. ते तुम्हाला येतं."

आणि बाईंना ते येतच होतं. दुसऱ्याच दिवशी मुलीला डॉक्टरांकडे नेलं. हे पुष्कळ जणींना होतं, बरं होतं, आणि यात तुझा काही दोष नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. हीच वाक्यं नर्सबाई इतरांना शेकडो वेळा सांगत आल्यात, पण त्या दिवशी ऐकताना रुमाल त्यांनाच लागला. औषध सुरू झालं, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. झोपेच्या पाळ्या लागल्या. दुपार काकींची, संध्याकाळ जावयाची. नर्सबाईंना सकाळ मिळाली, पण एका अटीवर. कागद बाहेर काढायचा नाही. पहिले चार दिवस बाईंना काय बोलावं तेच सुचेना. मग त्या मुलीचे पाय चेपत, दोन गल्ल्या अलीकडे मला ऐकू येतील एवढ्या मोठ्याने गल्लीतल्या भानगडी सांगू लागल्या. त्यात दोन माझ्या होत्या.

आठवडे गेले. मुलगी कधी बरी, कधी पुन्हा गप्प. सगळं एकदम काही सरळ झालं नाही. आणि परवा सकाळी नर्सबाई नातीला तिसरं झबलं चढवत होत्या. काकी आलेल्या, त्या म्हणत होत्या की पोर उकडून निघेल. दोघींची नेहमीसारखी जुंपली. इतक्यात मुलगी उठली, दोघींच्या मधून बाळाला उचललं आणि कडाडली, "दोघीही गप्प बसा. माझी मुलगी आहे. तिला गरम होतंय की थंडी वाजतेय, ते मला कळतं."

नर्सबाई तशाच बाहेर पडल्या, बूटही घालायला विसरल्या. वाण्याकडे, औषधाच्या दुकानात, माझ्या ओट्यावर, भेटेल त्याला थांबवून एकच सांगत होत्या, की आज माझी लेक माझ्यावर ओरडली. आणि तोंडभर हसत होत्या. वाण्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.