टॉवर आपणहून बोलत नाही

गिऱ्हेपुंजे सरांनी मला फसवलं. एक शब्दही खोटा न बोलता फसवलं, म्हणून ते कुणाला पटत नाही. नागपूरच्या सक्करदऱ्यात आजही त्यांचं नाव काढलं की माणसं हात जोडतात. जोडोत. त्यांच्यापैकी कुणाला कॅप्टनच्या खुर्चीशेजारी बसून वर्षानुवर्षं ‘येस कॅप्टन’ म्हणावं लागत नाही.

सर हवाई दलाच्या हवामान विभागातून निवृत्त झालेले. तलावाजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, वैमानिकांच्या लेखी परीक्षेसाठी ते हवामान आणि नेव्हिगेशन शिकवायचे. पहिल्या दिवशी मी वही उघडून बसलो. सर आले, खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि बाहेर बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आम्ही सात-आठ जण एकमेकांची तोंडं पाहतोय. शेवटी कुहीहून आलेली एक मुलगी म्हणाली, “सर, शिकवाले कधी सुरुवात करता?”

“हे पाहा, विचारलं,” सर म्हणाले. “आता करू सुरू. विचारल्याशिवाय विमानतळाचा टॉवरही बोलत नाही गा.”

ती मुलगी म्हणजे प्रतिभा. ती सरांची सख्खी भाची आहे आणि मामाची ही खोड तिला लहानपणापासून पाठ आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

नोकरीत सरांचं काम एका खिडकीमागे होतं. वैमानिक यायचा, वाटेतलं हवामान विचारायचा, सर सगळं आभाळ त्याच्यापुढे मांडायचे. जो विचारायचा नाही, त्याच्याकडे मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. ती खिडकी त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणली. काकू आम्हाला चहा देताना सांगायच्या, “दूधवाला आज येत नाही, हे यायले कालच माहीत होतं. पण सांगतीन कसे? म्या विचारलं नव्हतं ना.” त्या काळा चहा पुढे करायच्या आणि सर तो शांतपणे प्यायचे.

मी कन्हानचा. शाळा सुटल्यापासून जुन्या दुचाक्या घ्यायच्या, पुसून-घासून विकायच्या, हा माझा धंदा. विमान उडवण्याच्या तासांचे पैसे मी त्यातूनच भरले. बापाने एक नट दिला नाही, सासऱ्याने तर नाहीच. त्यामुळे भाव करणं माझ्या हाडात आहे. भाजीवाल्याने पहिला सांगितलेला आकडा मी आजवर ऐकून घेतलेला नाही.

सरांनीही माझ्याकडूनच स्कूटर घेतली. टायर विचारले, बॅटरी विचारली, किती जणांनी वापरली तेही विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. क्लचबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. महिन्याभरात चौकातच क्लच गेला. उन्हात स्कूटर ढकलत सर माझ्या दारात आले. मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “क्लचचं विचारायचं राहूनच गेलं गा. माझी चूक.” पाणी प्यायले आणि गेले. भांडायला तयार असलेल्या माणसाशी न भांडणं हाही एक प्रकारचा उद्धटपणाच आहे.

परवाना मिळाला आणि नशिबाने एकाच आठवड्यात दोन कंपन्यांची पत्रं आली. एक जुनी कंपनी, मोठी जेट विमानं, मुक्काम दिल्ली, रुजू व्हायचं ते येत्या सोमवारी. दुसरी नवी कंपनी, छोटी विमानं, पण मुक्काम नागपूर. ती विमानं ‘लवकरच येणार’ होती. दोन्ही पत्रं खिशात घालून मी सरांकडे गेलो. तासभर त्यांना समजावलं, की गिऱ्हाइकं दोन असली की भाव कसा चढतो. जुनीला लिहायचं, नवी मला नागपूर देते, तुम्ही काय देता? नवीला लिहायचं, जुनी मला जेट देते, तुम्ही काय देता?

सरांनी ऐकून घेतलं. मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाले, “आणखी काही विचाराचं आहे का गा?”

“नाही सर. आता फक्त पाहत राहा.”

“बरं,” सर म्हणाले.

प्रतिभालाही तीच दोन पत्रं आली होती. ती त्याच संध्याकाळी मामाकडे गेली आणि सोमवारी दिल्लीला रुजू झाली. मुक्काम नाही मागितला, काही नाही मागितलं. मी तिच्यावर हसलो. म्हटलं, कुहीची पोरगी, हिला भाव करता येत नाही.

जुन्या कंपनीने मला एका ओळीचं उत्तर पाठवलं: हरकत नाही, पुढच्या बॅचला या. कंपनी नरमली, असं समजून मी मित्रांना सावजी मटण खाऊ घातलं. नवी कंपनी दोन महिने गोड बोलली, मग तिचा फोन लागेनासा झाला. तिची विमानं अजून लवकरच येणार आहेत. मी मुकाट्याने पुढच्या बॅचला दिल्ली गाठली आणि तिथे मला ज्येष्ठतेची यादी दिसली.

विमान कंपनीत बाकी कशावरही बोलता येतं, त्या यादीवर बोलता येत नाही. ज्या दिवशी रुजू झालात तोच तुमचा क्रमांक, निवृत्तीपर्यंत. कॅप्टन कोण आधी होणार, हे त्यावरच ठरतं. प्रतिभाची बॅच कॅप्टन झाली. मग इंजिनं मिळेनात, विमानं जमिनीवर उभी राहिली आणि बढत्या थांबल्या. बरोब्बर माझ्या बॅचपाशी थांबल्या.

मी तडक कुहीला गेलो. सर तोवर सक्करदरा सोडून तिकडे राहायला गेले होते. अंगणात बसून शेंगा सोलत होते.

“सर, रुजू होण्याच्या तारखेवर सगळं असते, हे तुमाले माहीत होतं?”

“हाव. माहीत होतं ना.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“तू विचारलं का? जाता जाता म्याच तुले विचारलं, आणखी काही विचाराचं आहे का. तू म्हणाला, पाहत राहा. म्या पाहत राहिलो.”

“आन् प्रतिभाले?”

“तिनं विचारलं. मामा, या दोन पत्रांत असं काय आहे, जे मले दिसून नाही राहिलं? एवढंच विचारलं तिनं.” त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. “तू मले भाव शिकवून राहिला होता गा. मास्तराले मधात कोण टोकते?”

मी टोपलीला हात लावला नाही. काय काय बोललो ते लिहीत नाही, पण काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. सरांनी एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही. त्यात प्रश्न नव्हता म्हणे. त्यानंतर मी कुहीला गेलेलो नाही.

परवा मी आणि प्रतिभा एकाच विमानावर होतो. ती डावीकडे, कॅप्टन. मी उजवीकडे. नागपूरला उतरत होतो, चाकं खाली, रनवे समोर. आम्ही काहीही विचारलं नव्हतं. तेवढ्यात टॉवर ओरडला: उतरू नका, वर जा. पुढचं विमान अजून रनवेवरच होतं. प्रतिभाने विमान वर घेतलं. दुसऱ्या फेरीत नीट उतरलो. इंजिनं बंद केल्यावर तिने हेडफोन काढले. मग म्हणाली, “हे मामाले तुमीच सांगा.”

म्हणून सांगतो आहे. सर, क्लचचं मी लपवलं, हे मान्य. क्लच बदलता येतो, तो मी तेव्हाच बदलून द्यायला हवा होता. यादीतला क्रमांक बदलता येत नाही. समोर दुसरं विमान उभं असलं की टॉवर न विचारता बोलतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तुमची उभी नोकरी विमानतळावर गेली, तुम्ही ते माझ्याआधी शंभरदा ऐकलं असेल. तरीही तुम्ही मला ‘विचारल्याशिवाय टॉवर बोलत नाही’ हे शिकवलंत आणि मी चपला घालत होतो तेव्हा ‘बरं’ म्हणालात.

तुम्हाला विचारलेलंच लागतं ना, मग आता विचारतो. त्या दिवशी टॉवर गप्प का बसला? उत्तर द्या.